मुलांचं लिखाण छापायचंय? एका ए-फोर कागदापासून सुरुवात करा

पाचवी ते आठवीला शिकवणाऱ्या सगळ्या सर-मॅडमसाठी लिहितेय. मुलं वर्षभर निबंधाच्या वहीत लिहितात आणि ते वाचतं कोण तर आपण एकटे, तेही हातात लाल पेन घेऊन. पण हेच लिखाण शेजारच्या वर्गातली पोरं वाचणार आहेत असं कळलं ना, की वहीत दहा ओळी लिहायला कुरकुरणारं पोरगं स्वतःहून विचारतं, मॅडम परत लिहून आणू का. म्हणून पुस्तक, हार-तुरे, पाहुणे हे सगळं आत्ता बाजूला ठेवा, आधी वाचणारा मिळवून द्या.

आपल्याकडे हे नवीन नाहीच. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, छात्रालय सांभाळायचे, तेव्हा ते मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढायचे, पुढे 1928 मध्ये ‘विद्यार्थी’ मासिकही सुरू केलं. ना कॉम्प्युटर ना झेरॉक्स. आज तर बऱ्याच शाळांच्या बाहेर झेरॉक्सचं दुकान असतं.

पहिली गोष्ट विषय. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ दिलात की गाईडमधला पाऊस येणार, ढगांचा गडगडाट, मोरांचा पिसारा वगैरे. त्यापेक्षा मुलांना विचारा की तुला असं काय माहितीये जे मला माहीत नाही. म्हैस आटली हे घरात कसं कळतं, आठवडी बाजारात पप्पा भाव कसा ठरवतात, रात्रपाळी असली की आई झोपते कधी, पाण्याच्या टँकरपाशी नंबर कसा लावतात. लिहायला जमत नसेल तर आधी बोलू द्या, शेजारच्या मुलाने ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, किंवा मोबाईलवर मराठी कीबोर्ड टाकून माईकचं बटण दाबून बोललं तरी टाइप होतं (चुका होतात, पण त्या दुरुस्त करताना मुलं आपलंच वाक्य नीट वाचतात, तो फायदाच). नेटवरून उतरवलेलं वाटलं तर रागवू नका, फक्त म्हणा की आता वही मिटून मला सांग. त्याचं स्वतःचं असेल तर दोन गोष्टी जास्तीच्याच सांगेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मला अगदी कळकळीने सांगायचंय, मुलांची भाषा धुऊन काढू नका. समजा एखाद्या मुलीने लिहिलं, “आज्जी म्हशीला म्हणती, चल गं बाय, मग ती चालती. मी म्हणलं तर हलत बी नाही.” आपला हात लगेच शिवशिवतो आणि आपण करतो, “आजी म्हशीला प्रेमाने हाक मारते व म्हैस आज्ञाधारकपणे चालू लागते.” गेली ना आज्जी! म्हैस पण गेली. ऱ्हस्व-दीर्घ सुधारा, पूर्णविराम द्या, पण ‘म्हणती’, ‘चालती’, ‘बी’ राहू द्या, मुलगी अहिराणीत, वऱ्हाडीत, मालवणीत बोलत असेल तर तेही येऊ द्या, परीक्षेत प्रमाण भाषा लिहायला आपण शिकवतोच आहोत. आणि पेनाने खाडाखोड करण्यापेक्षा प्रश्न विचारा. म्हैस हलत नाही मग तू काय करतेस? एवढ्या एका प्रश्नावर अजून पाच ओळी येतात, आणि त्या तिच्याच असतात. हेच पालकांनाही आधीच सांगून ठेवा, नाहीतर घरून मोठ्या माणसाचा निबंध येतो.

मग छपाई. सगळ्यात स्वस्त म्हणजे एका ए-फोर कागदाचं आठ पानी पुस्तक, पिन नको, शिवण नको. कागद तीनदा अर्धा-अर्धा दुमडून उलगडला की आठ चौकोन पडतात. आता तो आडवा निम्मा करा, म्हणजे आखूड कडा एकमेकींवर येतील, आणि घडीच्या बाजूने मधल्या रेषेवर पुढच्या आडव्या घडीपर्यंत कात्री चालवा, तिथे थांबायचं, पुढे गेलात तर कागद फाटला. उलगडला की बरोब्बर मध्ये चीर दिसते. कागद लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकला, वरून अधिकचं चिन्ह दिसेल, ते एका बाजूला फिरवून दाबलं की झालं पुस्तक. पानांची दिशा आठवत बसू नका, आधी कोरं पुस्तक करा, पेन्सिलने 1 ते 8 आकडे टाका आणि उलगडा, चार पानं उलटी दिसतील, मूळ प्रत त्याच नमुन्यावर लिहायची. लिहायला काळं पेनच घ्या, पेन्सिल झेरॉक्समध्ये फिकट येते, आणि कडेला अर्धा सेंटिमीटर मोकळं सोडा कारण मशीन तेवढं खातं. एकाच बाजूची झेरॉक्स, त्यामुळे वर्गातल्या प्रत्येकाला एक प्रत दिली तरी खर्च आवाक्यात राहतो.

सगळ्या वर्गाचा मिळून अंक करायचा असेल तर मध्ये दुमडून पिन मारायची, मग पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा, 16 पानांना चार कागद पाठपोट. संपादक, चित्रकार, प्रूफ तपासणारे, सगळी मुलंच. ज्याला लिहायला आवडत नाही त्याला मुखपृष्ठ द्या, आणि फक्त हुशार मुलांचं निवडून छापू नका प्लीज, पहिल्या अंकात प्रत्येकाचं चार ओळी तरी काहीतरी हवंच. एक प्रत शाळेच्या लायब्ररीत रजिस्टरला नोंद करून ठेवा, म्हणजे बाकीच्या वर्गातल्या मुलांना ती घरी नेता येते.

हे जमलं की बाहेर पाठवायचं. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या वेबसाइटवर फुकट वाचता येतात, मुलांचंच ‘वयम्’ मासिक आहे, शिवाय जिल्ह्याच्या पेपरांच्या पुरवण्या. आधी दोन-तीन अंक मुलांसोबत वाचा, कसलं लिखाण घेतात, केवढं घेतात ते बघा, पत्ता किंवा ईमेल अंकातच असतो. एक लेख एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा, प्रत स्वतःकडे ठेवा. दिवाळी अंकासाठी पाठवायचं तर जून-जुलैतच पाठवा, गणपतीनंतर पाठवलेलं बहुतेक वेळा राहून जातं. प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर वेबसाइटवर तयार चित्रं घेऊन मराठीत गोष्टीचं पुस्तक करता येतं, पण ते खुल्या परवान्याखाली जातं म्हणजे कोणीही वापरू शकतं, हे मुलांना आणि घरच्यांना आधी समजावून सांगा, अकाउंट तुमच्या नावाने काढा.

पालकांची परवानगी लेखी घ्या. नाव आणि इयत्ता पुरे, घरचा पत्ता, फोन नंबर, फोटो छापायची गरज नसते. घरातलं भांडण, दारू, कर्ज असं काही आलं तर ते छापायचं का नाही हे मुलाशी एकट्यात बोला, लिहिलंस ते चांगलं आहे हे आधी सांगा, आणि त्याला नको असेल तर वर्गापुढे विषयसुद्धा काढू नका. लिखाणाचा हक्क मुलाचाच असतो, कॉपीराइट कायदा वय बघत नाही, त्यामुळे शाळेच्या स्मरणिकेत घ्यायचं तरी त्याला विचारूनच.

साभार परत येईल किंवा उत्तरच येणार नाही, हे पाकीट टाकायच्या आधीच मुलांना सांगून ठेवा. दोन-तीन महिने वाट बघा, मग तोच लेख एकदा परत वाचून दुसरीकडे पाठवा. तोवर वर्गाचा पुढचा अंक सुरू ठेवा, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आणि 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन शाळेत साजरे होतातच, त्या दिवशी भाषणाऐवजी मुलांना आपापलं वाचू द्या, आणि आज्जीला बोलवा.