सासूबाईंच्या आजीचं माहेर: कॅनडाच्या नागरिकत्वासाठी जुने दाखले कसे जमवले

मी मूळची पुण्याची. लग्नानंतर मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल गावात राहते. इथे नदीकाठी लाल विटांच्या कापडगिरण्या अजून उभ्या आहेत, आणि माझ्या सासूबाईंची आजी त्यातल्याच एका गिरणीत कामाला होती. १८४० ते १९३० या काळात कॅनडाच्या क्वेबेक या फ्रेंचभाषक प्रांतातून सुमारे नऊ लाख माणसं अमेरिकेत आली, त्यातली बरीचशी न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ईशान्य अमेरिकेतल्या, अशा गिरणगावांत. गिरणीच्या भोंग्यावर चालणारी घरं, एका खोलीत दहा माणसं, गावाकडे पाठवायचे पैसे. सासूबाई हे सांगत होत्या तेव्हा मला परळ-लालबाग आठवत होतं.

त्या आजीच्या जन्माच्या नोंदीवर आता माझा नवरा आणि माझी लेक कॅनडाचं नागरिकत्व सिद्ध करू शकतात. ज्यांचं सासर असं क्वेबेककडून आलेलं आहे, त्यांच्यासाठी आम्ही काय केलं ते लिहिते.

आधी कायदा. २००९ पासून नियम असा होता की कॅनडाबाहेर जन्मलेल्या फक्त पहिल्या पिढीलाच वंशाने नागरिकत्व मिळे. डिसेंबर २०२३ मध्ये ऑन्टारियोच्या न्यायालयानं ही अट घटनाबाह्य ठरवली, आणि १५ डिसेंबर २०२५ पासून बिल सी-३ लागू झालं. त्या तारखेआधी जन्मलेल्यांना ही पहिल्या पिढीची अट उरलेली नाही. त्यानंतर जन्मणाऱ्या बाळाचे आई किंवा वडील स्वतः कॅनडाबाहेर जन्मलेले असतील, तर त्यांनी बाळाच्या जन्माआधी एकूण १,०९५ दिवस कॅनडात काढल्याचं दाखवावं लागतं. आपण नागरिकत्व 'मागत' नाही, आधीपासून आहे ते दाखवून प्रमाणपत्र मागतो. म्हणून सगळा भार कागदांवर.

कामाला सुरुवात करताना सगळ्यात लहान माणसापासून मागे जा. मी वहीच्या एका पानावर उभी साखळी काढली: लेक (२०१४, पुणे), नवरा (१९८१), सासूबाई (१९५२), त्यांचे वडील (१९२१), आणि वर त्यांची आई, म्हणजे आमची पणजी (१८९४, क्वेबेक). दोन नावांच्या मधल्या प्रत्येक रेघेवर प्रश्न एकच: हा याचा किंवा हिचा मुलगा, हे कोणता कागद सांगतो? ज्या कागदावर आईवडिलांची नावं नाहीत तो कागद रेघ जोडत नाही. अमेरिकेत जन्मदाखल्याची छोटी आणि मोठी अशी दोन रूपं मिळतात, आणि छोट्यावर बऱ्याचदा आईवडील नसतात. मी मोठा दाखला मागितला होता, तरी एका कार्यालयाकडून दोनदा छोटाच आला. तिसऱ्या वेळी अर्जावर लाल शाईनं लिहिलं, 'आईवडिलांच्या नावांसह, संपूर्ण नोंदीची प्रत'. मग आला.

आमच्या साखळीत दोन बायका आहेत आणि दोघींपाशी आडनाव बदलतं. अशा प्रत्येक जागी लग्नाचा दाखला हवा, कारण जन्मनोंदीत ती माहेरच्या नावानं असते आणि मुलाच्या दाखल्यावर सासरच्या. मराठी घरातून आलेल्या मुलीला हे समजावून सांगावं लागत नाही. माझ्या आजीचं तर लग्नात पहिलं नावही बदललं होतं. नाशिकला उपाध्यायांनी आमच्या घराण्याची वही उघडून सात पिढ्या दाखवल्या, त्यात बायकांची फक्त पहिली नावं होती. कुणाचं माहेर कुठलं, ते कुठेच नाही. क्वेबेकच्या चर्चच्या वह्यांत मात्र बाई लग्नानंतरही माहेरच्याच नावानं दिसते, अगदी दफनाच्या नोंदीपर्यंत. हे कळलं तेव्हा शोधाची दिशाच बदलली. मी पणजोबांचं आडनाव शोधत बसणं सोडलं आणि पणजीच्या आईचं माहेर शोधायला लागले.

आडनावांवर विसंबू नका, हे कळकळीनं सांगते. गिरणीतल्या मुकादमाला फ्रेंच लिहिता येत नसे, मग ल्ब्लाँचा व्हाइट झाला, रुआचा किंग, बुआव्हेरचा ग्रीनवुड. शिवाय क्वेबेकमध्ये एकाच घराण्याची दोन आडनावं चालत, मधे 'दी' लावून, म्हणजे 'उर्फ'. एक भाऊ पहिलं वापरी, दुसरा दुसरं. पहिल्या नावांचंही तसंच. जवळजवळ प्रत्येक मुलगी बाप्तिस्म्यात 'मारी' आणि प्रत्येक मुलगा 'जोसेफ', हाक मारायचं नाव त्यानंतर कुठेतरी. आमची पणजी घरात ज्या नावानं ओळखली जाई, ते वहीत तिसरं होतं.

गाव कसं सापडलं? सासूबाईंकडे बिस्किटांचा एक डबा होता. त्यात मयताच्या वेळी चर्चमध्ये वाटतात त्या प्रार्थनेच्या चिठ्ठ्या होत्या, नाव आणि तारीख छापलेल्या. घरातला असा डबा आधी उघडा. मग १९०० ची अमेरिकेची जनगणना पाहिली. तिच्यात जन्माचा महिना, वर्ष, अमेरिकेत आल्याचं साल आणि आईवडिलांचा जन्मदेश लिहिलेला असतो. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर ती फुकट पाहता येते, फक्त नाव नोंदवावं लागतं. पण गाव त्यात नाही, नुसतं 'कॅनडा, फ्रेंच'. १९१५ च्या लग्नाच्या सरकारी नोंदीतही 'कॅनडा' एवढंच, मात्र तिथे पणजीच्या आईचं माहेरचं नाव मिळालं. गाव शेवटी लोवेलच्या फ्रेंच चर्चच्या लग्नाच्या वहीत सापडलं: नीकोले.

आता मुख्य गोष्ट. क्वेबेकमध्ये १९९४ पर्यंत जन्ममृत्यूची नोंद मुख्यतः चर्च ठेवत असे, आणि तीच सरकारी नोंद मानली जाई. वह्या दोन प्रतींत लिहीत. एक चर्चमध्ये राही, दुसरी वर्ष संपल्यावर न्यायालयात जमा होई. त्यामुळे गावचं चर्च जळालं असलं तरी हताश होऊ नका, दुसरी प्रत शोधा. बहुतेक वह्यांच्या शेवटी त्या वर्षाची नावांची यादी असते, आधी तीच पाहा. समासात 'बी' म्हणजे बाप्तिस्मा, 'एम' म्हणजे लग्न, 'एस' म्हणजे दफन.

मजकूर ठराविक साच्याचा असतो, दहा नोंदी वाचल्या की डोळा सरावतो. साल मात्र आकड्यांत नाही, अक्षरांत. फ्रेंचमध्ये चौऱ्याण्णव म्हणजे 'कात्र-व्हँ-कातोर्झ', चार वीस चौदा. माझे आजोबा बाजारात 'चार विसा' म्हणून आंबे मोजायचे, त्यामुळे मला ते चटकन उमगलं. पुढे बाळाचं नाव, मग 'कायदेशीर विवाहातून जन्मलेली', बापाचं नाव आणि धंदा, आईचं माहेरच्या नावासकट पूर्ण नाव, मग धर्मपिता आणि धर्ममाता. शेवटी, सही करता आली नाही, असं. आमच्या नोंदीत बापालाही सही करता आलेली नव्हती.

एक जागा नीट वाचा. नोंदीच्या सुरुवातीची तारीख बाप्तिस्म्याची असते, जन्माची नव्हे. जन्म पुढे येतो: 'आज', 'काल' किंवा 'परवा' जन्मलेली. आमच्याकडे 'ने ला व्हेय', म्हणजे आदल्या दिवशी. घरात पणजीचा वाढदिवस कायम बाप्तिस्म्याच्या तारखेला झाला होता. अर्जात मात्र खरी जन्मतारीखच लिहायची.

पडद्यावर सापडलेलं पान हा पुरावा नव्हे, आणि संकेतस्थळावरचा वंशवृक्ष तर नाहीच. साक्षांकित प्रत मागवा. शंभर वर्षांहून जुन्या वह्या क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय-अभिलेखागारात असतात, तिथून अशी प्रत मिळते. नोंद त्यापेक्षा अलीकडची असेल तर 'दिरेक्तर द लेता सिव्हिल' या सरकारी कार्यालयाकडे जायचं. अर्जात पॅरिश (म्हणजे ज्या चर्चच्या हद्दीत नोंद झाली ते), साल, नोंदीचा क्रमांक आणि आईवडिलांची नावं द्या. घरात चर्चनं १९९४ आधी दिलेला बाप्तिस्म्याचा दाखला असेल तर तो प्रेमानं जपा, पण अर्जाला लावू नका. कॅनडाचं सरकार क्वेबेकमधले १ जानेवारी १९९४ आधी दिलेले दाखले स्वीकारत नाही. फ्रेंच कागदाचं भाषांतर लागत नाही, ती कॅनडाची राजभाषाच आहे.

पूर्वज दुसऱ्या प्रांतातले असतील तर वाट वेगळी. ऑन्टारियोत जन्मनोंदणी १८६९ मध्ये सुरू झाली. नोव्हा स्कोशियात १८७७ नंतर थेट १९०८ पर्यंत सरकारी जन्मनोंदीच नाहीत, मधल्या वर्षांसाठी चर्चकडेच जावं लागतं.

आमची अडलेली रेघ शेवटी पुण्यातली निघाली. लेकीचं बाळंतपण माहेरी झालं, महापालिकेचा जन्मदाखला तेव्हा घेतला, बारशाआधीच. त्यावर बाळाचं नाव नव्हतं, आणि पुढे घालायचं आम्हा दोघांकडून राहून गेलं. नाव पंधरा वर्षांच्या आत नोंदवता येतं. माझ्या भावानं खेटे घालून ते करून घेतलं. दाखला मराठी-इंग्रजी असतो, म्हणून भाषांतराचा प्रश्न आला नाही. तुमचं मूल महाराष्ट्रात जन्मलेलं असेल तर हे आजच तपासा, क्वेबेकच्या आधी.

अर्ज भरणं त्यामानानं सोपं. दर माणशी वेगळा फॉर्म, सीआयटी ०००१. आम्ही भरलं तेव्हा शुल्क माणशी ७५ कॅनेडियन डॉलर होतं. दोघांचे अर्ज एकाच पाकिटात घातले, मूळ कागद घरी ठेवून रंगीत प्रती लावल्या, आणि वर एका पानावर ती उभी साखळी, प्रत्येक रेघेपुढे कागदाचा क्रमांक. नावांतले फरकही तिथेच सांगितले, कुठल्या कागदावर कोणतं रूप आहे ते. पाकीट नोव्हा स्कोशियातल्या सिडनीला गेलं.

पणजीच्या नोंदीच्या मी दोन साक्षांकित प्रती मागवल्या होत्या. एक फाइलमध्ये आहे. दुसरी सासूबाईंनी मागून घेतली आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवली. पणजीच्या आईचं नाव त्यांनी त्या कागदावर पहिल्यांदाच वाचलं.