गरोदरपणातील त्वचा : वांग, रेघा आणि दुर्लक्ष करू नये अशी खाज

गरोदरपणाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात अनेकींच्या लक्षात येते की गालांवर आणि कपाळावर तपकिरी छटा उमटू लागली आहे, काखा काळवंडल्या आहेत आणि बेंबीपासून खाली जाणारी काळसर रेघ ठळक झाली आहे. या काळात वाढलेल्या संप्रेरकांमुळे त्वचेतील रंगपेशी अधिक मेलॅनिन तयार करतात, त्याचा हा परिणाम असतो. पोटावरच्या त्या रेघेवरून मुलगा की मुलगी हे सांगणाऱ्या जाणत्या बायका प्रत्येक घरात असतात. पण रेघेचा गर्भाच्या लिंगाशी काडीचाही संबंध नसतो. बाळंतपणानंतर काही महिन्यांत ती आपोआप फिकट होते आणि तिला काहीही लावावे लागत नाही.

वांगाच्या डागांचे मात्र तसे नाही. ऊन लागले की ते गडद होतात आणि काही जणींच्या चेहऱ्यावर प्रसूतीनंतरही रेंगाळतात, म्हणून ऊन अडवणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले, किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन गरोदरपणात वापरण्यास सुरक्षित मानले जाते. त्यातही आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन मिळाले तर अधिक चांगले, कारण डाग गडद करणारा दृश्य प्रकाशही ते काही प्रमाणात अडवते. तर्जनी आणि मधले बोट यांच्या पूर्ण लांबीवर सनस्क्रीनची एकेक पट्टी काढली की चेहऱ्याला आणि मानेला पुरेल एवढे होते. बहुतेक जणी वाटाण्याएवढे लावतात आणि मग उपयोग होत नाही अशी तक्रार करतात. बाहेर असल्यास दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे आणि सोबत छत्री किंवा स्कार्फ ठेवावा.

डाग घालवण्याच्या घाईत औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब मात्र कधीही लावू नये. ट्यूब उलटी करून तिच्यावरील बारीक अक्षरे वाचावीत. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन यांपैकी एक जरी नाव दिसले, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती उघडू नये. हायड्रोक्विनोन त्वचेतून मोठ्या प्रमाणात शरीरात शोषले जाते, ट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाच्या गटातील औषध असल्यामुळे गरोदरपणात टाळले जाते आणि मोमेटासोन या स्टेरॉइडने चेहऱ्याची त्वचा पातळ होते. घरगुती उपायांपैकी लिंबाचा रस चोळून उन्हात जाणे सर्वांत वाईट, कारण त्याने त्वचा भाजल्यासारखी होऊन उलट नवे डाग पडतात.

मुरुमांसाठी सौम्य साबण किंवा फेसवॉश दिवसातून दोनदा पुरतो. मुरुमांसाठीच दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांमुळे मात्र गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होऊ शकतात. गर्भ राहिल्याचे कळण्यापूर्वी त्या चालू असतील तर त्या लगेच थांबवून डॉक्टरांना तसे स्पष्टपणे सांगावे.

पोट, मांड्या आणि स्तनांवरील ताणाच्या रेघा प्रामुख्याने शेवटच्या तीन महिन्यांत दिसतात. आईला त्या आल्या असतील तर मुलीलाही येण्याची शक्यता अधिक असते. कोणत्याही तेलाने त्या हमखास टळतात असे सिद्ध झालेले नाही, त्यामुळे महागड्या बाटलीपेक्षा घरातले खोबरेल पुरे. कोमट पाण्याने आंघोळ करून अंग ओलसर असतानाच ते हलक्या हाताने लावल्यास कोरडेपणा आणि खाज कमी होते. पोटावर जोर देऊन मालिश करू नये. लालसर रेघा पुढे रुपेरी होतात, मात्र पूर्णपणे जात नाहीत. डोहाळजेवणासाठी मेंदी काढायची असल्यास साधी मेंदी वापरावी. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या कोनांत केस रंगवण्याचे रसायन असू शकते आणि त्याने फोड येतात.

पोट ताणल्यामुळे थोडी खाज सुटणे स्वाभाविक आहे. परंतु अंगावर पुरळ नसताना तळहात-तळपाय खाजू लागले, रात्री ती खाज इतकी वाढली की उठून गार फरशीवर पाय घासावेसे वाटले, तर तिला कोरडेपणा समजून तेल लावत बसू नये. यकृतातून पित्त नीट पुढे न सरकल्यामुळे होणाऱ्या विकाराचे ते लक्षण असू शकते आणि पित्ताम्लांचे प्रमाण फार वाढल्यास बाळाच्या जिवाला धोका संभवतो. अशा वेळी डॉक्टर रक्तातील पित्ताम्लांची आणि यकृताची तपासणी करायला सांगतात. बेंबीभोवती खाजरे चट्टे उठून त्यावर पाण्याचे फोड आल्यासही थांबू नये. डोळे पिवळे दिसणे, लघवी गडद होणे किंवा बाळाची हालचाल कमी जाणवणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठावा. खाज कधी सुरू झाली, कुठे आहे आणि त्यावर काय काय लावले, हे कागदावर लिहून न्यावे. लावलेल्या ट्यूबही सोबत न्याव्यात.