मोठ्या संख्येचे अवयव पाडताना या चुका टाळा

१२,३४,५६,७८९ ही संख्या सगळ्यांच्या ओळखीची, पण तिचे मूळ अवयव पाडायला बसलं की बरेच जण मध्येच थांबतात. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो आणि १,३७,१७,४२१ उरतात. इथपर्यंत कुणी चुकत नाही.

बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच आहे, ती २७ ला लावू नका. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ येते, तरी २७ ने भागल्यावर बाकी ९ राहते.

दुसरी चूक आपल्या स्वल्पविरामामुळे होते. ७, ११ आणि १३ एकदम तपासायची कसोटी १००१ = ७ × ११ × १३ यावर उभी आहे, त्यामुळे गट उजवीकडून तीन-तीन अंकांचेच हवेत. ते गट आलटून पालटून वजा-बेरीज करायचे; उत्तराला भाग गेला तर संख्येलाही जातो. आपण लिहितो १,००,१००, आणि घाईत १०० − ० + १ = १०१ करून 'भाग जात नाही' म्हणतो. खरे गट १०० आणि १००. वजाबाकी शून्य, म्हणजे तिन्हींनी भाग जातो.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र वेगळीच. १,३७,१७,४२१ ला शंभरपर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग जात नाही, म्हणून तिलाच मूळ संख्या ठरवून मोकळं होतात. तपास वर्गमूळापर्यंत, म्हणजे ३७०३ पर्यंत न्यायला हवा. इथे पहिल्या ५०३ मूळ संख्या फुकट जातात. ५०४ वी, ३६०७, लागू पडते!

हाताने एवढं करणं जिवावर येतं. तेव्हा सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितीची युक्ती वापरून बघा: संख्या दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहायची, कारण अ² − ब² = (अ − ब) × (अ + ब). वर्गमूळाच्या लगेच वरची संख्या ३७०४. तिच्या वर्गातून आपली संख्या वजा केली की २१९५ उरतात, तो पूर्ण वर्ग नाही. पुढची ३७०५: उरले ९६०४, म्हणजे ९८ चा वर्ग. झालं काम. ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३. दोन पायऱ्यांत उत्तर मिळतं ते दोन्ही अवयव जवळजवळ असल्यामुळे. ते लांब असतील तर ही युक्ती फार रखडते, म्हणून छोट्या मूळ संख्या आधी तपासून घ्याव्यातच.

आता ३² × ३६०७ × ३८०३ वरून विभाजक मोजताना दोन्ही ३ सुटे धरून १६ म्हणू नका. घातांकात १ मिळवून गुणायचं: ३ × २ × २ = १२.

एक्सेलवर विसंबणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावं. १२,३४,५६,७८९ चा वर्ग १५२४१५७८७५०१९०५२१ आहे. एक्सेल पहिले पंधरा अंकच धरून ठेवतं आणि शेवटी ५०० दाखवतं. विषम संख्या सम झाली, वर १०० ने भागही जायला लागला. पायथॉन या संगणकभाषेत कितीही मोठा पूर्णांक चालतो, फक्त भागाकाराला एकेरी तिरकी रेघ (/) न वापरता दुहेरी (//) वापरा, नाहीतर उत्तर दशांश अपूर्णांकात जाऊन शेवटचे अंक पुन्हा बिघडतात.