‘नाइन्टीन एटी-फोर’ वर्गात घेताना

जॉर्ज ऑर्वेलची ही कादंबरी हुकूमशाही राजवटीवरची आहे, पण पहिल्याच तासाला ‘आज हे कुठे दिसतं?’ असं विचारू नका. दहा मिनिटांत जो तो आपापला पक्ष घेऊन भांडायला लागतो आणि पुस्तक मिटलेलंच राहतं. तो प्रश्न शेवटच्या तासाला. तोवर नियम एकच: बोलायचं असेल तर आधी पान सांगा.

पन्नास मिनिटांचे चार तास पुरतात. सुरुवात चॉकलेटपासून करा. पहिल्या भागाच्या चौथ्या प्रकरणात सरकारचं जुनं वचन असतं, यंदा चॉकलेटच्या रेशनमध्ये कपात नाही. प्रत्यक्षात ते ३० ग्रॅमवरून २० वर येणार असतं. म्हणून विन्स्टन, म्हणजे जुन्या छापील नोंदी बदलण्याची सरकारी नोकरी करणारं मुख्य पात्र, वचन खोडून तिथे ‘एप्रिलमध्ये कपात करावी लागेल’ अशी सूचना घालतो. पाचव्या प्रकरणात बातमी येते: रेशन वाढवून २० ग्रॅम केल्याबद्दल लोकांनी मोर्चे काढून आभार मानले! दोन्ही उतारे मोठ्याने वाचून घ्या आणि विचारा, मग विन्स्टनने केलेल्या दुरुस्तीचा उपयोग काय? उत्तराची घाई नको. विन्स्टनला हे काम मनापासून आवडतं, हे वाक्यही त्याच चौथ्या प्रकरणात आहे. त्याला सरळसोट नायक समजणारी मुलं इथे अडखळतात, अडखळू द्या.

दुसऱ्या तासाला न्यूस्पीक, म्हणजे विचारच आखडावेत म्हणून शब्द कमी करत नेलेली कादंबरीतली सरकारी भाषा. चौघांचे गट करा, वर्तमानपत्रातला पाच-सहा ओळींचा मजकूर द्या. ‘वाईट’ऐवजी ‘अचांगलं’, ‘उत्तम’ऐवजी ‘अधिकचांगलं’, बाकी विशेषणं बाद. दहा मिनिटांनी त्याच भाषेत मेसच्या जेवणाची तक्रार लिहायला सांगा. शिळं, कच्चं, खारट यांतलं काहीच हाताशी नसतं. यावर वेगळं व्याख्यान लागत नाही.

राजवटीचा शत्रू मानलेल्या गोल्डस्टाइनच्या नावावरचं पुस्तक (भाग २, प्रकरण ९) अख्खं वाचायला लावलंत तर वर्ग झोपेल. ते ऐकताना विन्स्टनची प्रेयसी ज्युलिया हिलाही झोप लागते. दोन पानं निवडून द्या. तिसऱ्या भागात छळाची वर्णनं आहेत, त्याची कल्पना आदल्या तासालाच द्या.

कादंबरीच्या शेवटचं न्यूस्पीकवरचं परिशिष्ट बहुतेक जण वाचतच नाहीत, म्हणून चौथ्या तासाची पहिली वीस मिनिटं त्यालाच द्या. न्यूस्पीक पूर्णपणे रूढ व्हायला २०५० साल ठरलं होतं, असं तिथे म्हटलंय. सगळं भूतकाळात, तेही न्यूस्पीकमध्ये नाही, साध्या नेहमीच्या इंग्रजीत. पहिल्या प्रकरणातली तळटीपही ‘न्यूस्पीक ही ओशनियाची अधिकृत भाषा होती’ असंच सांगते (ओशनिया म्हणजे कादंबरीतला देश). ‘होती’ फळ्यावर लिहा आणि विचारा: हे लिहितंय कोण, आणि कधी?