मान धरायला उशीर होतोय? बाळासोबत घरी काय करायचं

ऐरोलीत मी लहान बाळांची फिजिओथेरपी करते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक आयांना घरी एकच वाक्य ऐकवलेलं असतं: "याचे बाबाही उशिराच चालले होते." असतीलही. पण पहिल्या दोन वर्षांत बाळाचा मेंदू सर्वांत वेगाने शिकतो. म्हणून शंका आली की निदानाच्या कागदासाठी थांबू नका, दाखवा. बाळ ठीक निघालं तर एक फेरी जाईल, एवढंच.

आधी वय नीट मोजा. बाळ ३२ आठवड्यांचं जन्मलं असेल तर पूर्ण ४० आठवड्यांना कमी पडलेले ८ आठवडे त्याच्या वयातून वजा करा. ५ महिन्यांचं बाळ आमच्या हिशेबात ३ महिन्यांचं. या वयाने ४ महिन्यांपर्यंत मान धरायला हवी, ९ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसायला हवं आणि १८ महिन्यांपर्यंत चालायला. काही बाळं रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. तेवढ्याने घाबरू नका. मला काळजी वाटते ती ४ महिन्यांनंतरही घट्ट मिटलेल्या मुठींची आणि डायपर बदलताना कात्रीसारख्या एकमेकांवर जाणाऱ्या पायांची. वर्षाच्या आतच बाळ एकाच हाताने खेळणं धरत असेल तर "आमचा डावखुरा होणार" असं कौतुकाने सांगतात. मी आधी दुसरा हात तपासते.

आता घरचं काम. बाळ जागं असताना, दूध पिऊन अर्धा-पाऊण तास झाला की जमिनीवर सतरंजी घालून त्याला पालथं ठेवा. गादी नको, हात रुततात. टॉवेलची गुंडाळी करून छातीखाली, काखेलगत ठेवा आणि कोपरं पुढे आणा. मग तुम्ही समोर आडव्या व्हा, चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर येईल असा. सुरुवातीला एक-दोन मिनिटं पुरे, पण दिवसातून अनेकदा. रडलं तर बाबांना मागे रेलून बसवा आणि बाळाला त्यांच्या छातीवर पालथं द्या. व्यायाम तोच होतो. घर लहान आहे, जागा नाही, असं अनेकजणी सांगतात. बाळाला दीड-दोन हात सतरंजी पुरते. झोपवताना मात्र नेहमी पाठीवरच.

ताठ बाळाचे पाय ओढून सरळ करू नका. गुडघे आणि मांड्या हळूच पोटाकडे वाकवल्या की पाय सैल पडतात. डायपर तेव्हा बदला. कडेवर घेताना त्याचे पाय तुमच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना येऊ द्या. अंगाने सैल बाळ नुसतं काखेत धरून उचललं की हातातून निसटतं. एक हात छातीला, एक बुडाखाली हवा. मालिशवाल्या मावशींना प्रेमाने पण ठामपणे सांगा: तेल लावा, हातपाय ताणायचे नाहीत, उलटं धरायचं नाही. आणि वॉकर कुणी भेट दिला तरी वापरू नका. त्यात बाळ चवड्यांवर ढकलत राहतं, पडण्याची भीती वेगळीच.

खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला बाळ दाखवा. ते पुढे मोफत उपचारांसाठी पाठवतात. खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचं प्रादेशिक केंद्रही आहे. कुठेही जाताना एनआयसीयूचं, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं, डिस्चार्ज कार्ड असेल तर जवळ ठेवा.

झोपेतून उठल्यावर बाळ पुन्हा पुन्हा दचकल्यासारखं पुढे वाकत असेल, किंवा आधी येत असलेली गोष्ट करेनासं झालं असेल, तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना गाठा. माझ्याकडे त्यानंतर या.