बेसबॉलची तिकिटे विक्रीला निघतात त्या सकाळी या चुका टाळा

बॉस्टनमध्ये राहायला येऊन मला बरीच वर्षे झाली आणि या काळात दर हिवाळ्यात एक काम आपसूक माझ्याकडे येत राहिले आहे. बेसबॉलच्या नव्या हंगामातील सुट्या सामन्यांची तिकिटे विक्रीला निघाली, की ओळखीच्या मराठी घरांतून फोन सुरू होतात. कोणाचे आईवडील उन्हाळ्यात नाशिकहून येणार असतात, कोणाच्या मुलाला न्यूयॉर्कच्या यांकीज संघाविरुद्धचाच सामना पाहायचा असतो, आणि बहुतेकांची तक्रार एकच असते, की दहाच्या ठोक्याला संगणकासमोर बसलो होतो तरी हाती काही लागले नाही. अशा वेळी मी आधी एवढेच विचारतो, की आदल्या संध्याकाळी काय तयारी केली होती. उत्तर बहुधा ‘काही नाही’ असे येते. या विक्रीचा निकाल आदल्या संध्याकाळीच लागलेला असतो हे माझे पक्के मत आहे, आणि त्याच त्या चुका वर्षानुवर्षे पाहिल्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

रांगेत उभे राहून स्वतःची जागा सोडणे

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. विक्री सुरू होण्यापूर्वी तिकिटांचे पान आपल्याला एका प्रतीक्षा कक्षात, म्हणजे ‘वेटिंग रूम’मध्ये बसवते. ठरलेली वेळ होताच त्या क्षणी कक्षात हजर असलेल्या सर्वांना बहुतेक ठिकाणी सोडतीप्रमाणे क्रमांक मिळतात आणि नंतर येणारे त्यांच्या मागे लागतात. त्यामुळे पहाटे सहाला येऊन बसलेला माणूस पावणेदहाला आलेल्या माणसाच्या पुढे जात नाही. मात्र दहा वाजून पाच मिनिटांनी आलेला माणूस हजारोंच्या मागे जातो. एकदा क्रमांक मिळाला, की तो आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या एका छोट्या नोंदीवर, म्हणजे कुकीवर टिकून असतो. ती नोंद पुसली गेली, की त्या यंत्रणेच्या दृष्टीने आपण नुकतेच दारात आलेले नवे गिऱ्हाईक ठरतो.

काही वर्षांपूर्वी माझा पुतण्या इथे शिकायला होता. जुलैमध्ये भाऊ आणि वहिनी यायचे होते, आणि शनिवारच्या एका सामन्याला आम्ही सात जणांनी एकत्र बसायचे असे ठरले होते. त्याने ते काम उत्साहाने स्वतःकडे घेतले. सकाळी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याचा लॅपटॉप उघडा होता, पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती आणि खाली लिहिले होते, की तुमच्या पुढे दोन हजार एकशे काही लोक आहेत. इतका चांगला क्रमांक क्वचित मिळतो. मी चहा ठेवायला उठलो. परत आलो तेव्हा तो गप्प होता आणि पडद्यावर चौदा हजारांच्या पुढचा आकडा होता.

“काका, मी मध्येच ब्राउझरचा डेटा साफ केला. साइट जरा हळू चालतेय असं वाटलं.”

त्याने कुठेतरी वाचले होते, की कुकीज साफ केल्या की वेग वाढतो. रांगेतला माणूस अधीर झाला, की असे सल्ले त्याला खरे वाटू लागतात. पुढे तासाभराहून अधिक वेळ आम्ही बसून राहिलो आणि आत गेलो तेव्हा शनिवारच्या सामन्याला सात सोडाच, तीन खुर्च्याही शेजारी उरल्या नव्हत्या. मी त्याला रागावलो नाही, कारण रांगेत काय करू नये हे त्याला आधी सांगणे माझे काम होते. तेव्हापासून मी हे प्रत्येकाला सांगतो, आणि तरीही दरवर्षी कोणीतरी तेच करून बसतो.

पान रिफ्रेश करावे की नाही, असा प्रश्न मला हमखास विचारला जातो. काही यंत्रणांत रिफ्रेश केल्याने काहीच बिघडत नाही, काहींत जागा जाते. आपल्यासमोर यांपैकी कोणती आहे हे रांगेत उभे राहून ओळखता येत नाही, म्हणून हात लावू नये. एकाच खात्यावरून चार टॅब आणि दोन फोन उघडणे हा तर मला सर्वांत वाईट उपाय वाटतो. एकाच ब्राउझरमधले टॅब बहुधा एकच जागा वाटून घेतात, आणि एकाच खात्याने अनेक ठिकाणांहून घुसण्याचा प्रयत्न केला तर यंत्रणेला तो माणूस नसून तिकिटे उपसणारा प्रोग्रॅम आहे असा संशय येऊ शकतो. अशा प्रोग्रॅमविरुद्ध अमेरिकेत २०१६ साली कायदा झाला आहे आणि विक्रेतेही त्यांच्यावर डोळा ठेवून असतात. माझी सवय साधी आहे. लॅपटॉपवर एक खिडकी, चार्जर लावलेला, पडदा आपोआप बंद होणार नाही अशी सोय केलेली, आणि विक्रीच्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटे आधी मी जागेवर. पत्नीला मदत करायची असेल तर ती तिच्या स्वतःच्या खात्यावरून, तिच्या स्वतःच्या फोनवर बसते.

नकाशासमोर बसून विचार करू लागणे

रांग संपून मैदानाचा नकाशा समोर आला, की लोक तिथे रमतात. हा सामना घ्यावा की तो, तिसऱ्या बेसच्या (फलंदाज धावताना ज्या टप्प्यांना स्पर्श करतो त्यांतल्या तिसऱ्या टप्प्याच्या) बाजूला बसावे की पहिल्या, वहिनींना जिने चढवतील का, अशी चर्चा सुरू होते आणि तोवर पडद्यावरचे रंगीत ठिपके एकेक करून करडे होत जातात. दिसणारी खुर्ची म्हणजे मिळालेली खुर्ची, हा समज सोडून द्यावा. आपण तिच्यावर बोट ठेवेपर्यंत ती दुसऱ्या कोणाच्या टोपलीत, म्हणजे खरेदीच्या ‘कार्ट’मध्ये गेलेली असू शकते, आणि आपल्या टोपलीत आलेली खुर्चीसुद्धा काही मिनिटांपुरतीच आपली असते. घड्याळ संपले, की ती परत जाते.

यावर माझ्याकडे एकच उपाय आहे आणि तो कागदाचा आहे. आदल्या रात्री मी पाठकोऱ्या कागदावर तीन तारखा पसंतीच्या क्रमाने लिहितो, प्रत्येक तारखेपुढे चालतील असे दोन विभाग लिहितो आणि शेवटी माणशी जास्तीत जास्त किती डॉलर द्यायचे तो आकडा लिहून त्याभोवती गोल करतो. तो कागद कीबोर्डच्या डाव्या बाजूला असतो. पहिली तारीख दोन प्रयत्नांत जमली नाही, की दुसरी. माणसे जास्त असतील तर सलग सात खुर्च्यांचा हट्ट न धरता पुढच्या ओळीत चार आणि बरोबर मागच्या ओळीत तीन अशा खुर्च्या घ्याव्यात. गप्पा मारायला ही रचना सलग सात जणांच्या ओळीपेक्षा सोयीची पडते. ओळीत एकटी खुर्ची उरत असेल तर पुष्कळ यंत्रणा ती निवड मान्यच करत नाहीत, हेही आधी माहीत असावे, नाहीतर त्या सूचनेचा अर्थ लावण्यातच दोन मिनिटे जातात.

विभाग आदल्या रात्री निवडण्याचे आणखी एक कारण आहे. आमच्या बॉस्टनच्या संघाचे मैदान, फेनवे पार्क, १९१२ साली सुरू झाले, आणि जुन्या मैदानांचे खांब जुन्या जागीच असतात. छपराखालच्या ग्रँडस्टँडमध्ये काही खुर्च्यांच्या थेट समोर लोखंडी खांब येतो. तिकिटावर तसे नमूद केलेले असते, पण घाईत ती ओळ कोणी वाचत नाही. उजव्या फील्डकडच्या काही विभागांत खुर्च्यांची तोंडे होम प्लेटकडे, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिकडे नसून मैदानाच्या मध्याकडे आहेत, त्यामुळे प्रत्येक चेंडूला मान डावीकडे वळवून बसावे लागते. शिकागोचे रिग्ली फील्ड १९१४ सालचे, तिथेही खांबांची हीच गोष्ट आहे. वयस्कर मंडळींना घेऊन दुपारच्या सामन्याला जाणार असाल तर उन्हाचाही विचार करावा. बहुतेक मैदाने अशी बांधलेली असतात, की दुपार कलू लागली की सावली आधी होम प्लेटच्या मागे आणि तिसऱ्या बेसच्या बाजूला येते. पहिल्या बेसकडचे आणि उजव्या फील्डकडचे प्रेक्षक उन्हात डोळे बारीक करून बसलेले असतात.

ज्या सामन्याला गर्दी नाही त्यासाठी धावणे

पहिल्या दिवशी तिकीट घेतलेच पाहिजे ही भीती बॉस्टनमध्ये विनाकारण आलेली नाही. २००४ साली बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाने ८६ वर्षांनंतर वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम लढत जिंकली, आणि मे २००३ पासून एप्रिल २०१३ च्या सुरुवातीपर्यंत फेनवेवरच्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटे संपली, अशी संघाची अधिकृत नोंद आहे. प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरचे बाद फेरीचे सामने धरून असे ८२० सामने झाले. त्या काळात इथे आलेली माणसे आजही डिसेंबर-जानेवारीत अस्वस्थ होतात. पण हिशेब करून पाहावा. प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो, त्यांतले ८१ घरच्या मैदानावर, आणि फेनवेवर साधारण ३७ हजार माणसे बसतात. म्हणजे एका हंगामात जवळपास ३० लाख जागा होतात. एप्रिलमधल्या मंगळवारी, बोचऱ्या थंडीत, एखाद्या कमकुवत संघाविरुद्ध होणाऱ्या सामन्यासाठी जानेवारीत रांग लावणे म्हणजे स्वतःची सकाळ फुकट घालवणे आहे.

शिवाय तिकिटाचा दर आता स्थिर राहत नाही. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सनी २००९ साली सुमारे दोन हजार खुर्च्यांवर मागणीनुसार बदलणारे दर लावून पाहिले, पुढच्या वर्षी ते सगळ्या मैदानाला लावले, आणि नंतर ही पद्धत बहुतेक सगळीकडे रुजली. मागणी नसलेल्या सामन्याचे तिकीट वाट पाहणाऱ्याला स्वस्तही मिळते. पहिल्या सकाळची धावपळ मी फक्त काही सामन्यांसाठी करतो: हंगामाचा पहिला घरचा सामना, यांकीजविरुद्धचे शनिवार-रविवार, प्रेक्षकांना बाहुल्या भेट दिल्या जातात असे दिवस, आणि पेट्रियट्स डे या इथल्या सुट्टीच्या दिवसाचा सामना. एप्रिलमधल्या तिसऱ्या सोमवारी हा सामना सकाळी अकराच्या सुमारास सुरू होतो आणि तो पाहून बाहेर पडलेले लोक जवळच बॉस्टन मॅरेथॉनच्या धावपटूंना टाळ्या देतात. पाहुणे त्या वेळी इथे असतील तर त्या एका तिकिटासाठी रांगेत बसणे मला योग्य वाटते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. वेळ कोणत्या शहराची आहे ते पाहावे. शिकागोचे दहा म्हणजे बॉस्टनचे अकरा, आणि पुण्याहून मदत करणाऱ्या भावंडाला बॉस्टनचे फेब्रुवारीतले सकाळचे दहा म्हणजे तुझ्याकडे रात्रीचे साडेआठ, असे स्पष्ट लिहून कळवावे. मार्चमध्ये इथली घड्याळे पुढे सरकली, की तेच साडेसात होतात. खात्याचा पासवर्ड आदल्या दिवशी चालवून पाहावा आणि कार्डाची माहिती तेव्हाच भरून ठेवावी. नव्याने आलेले विद्यार्थी भारतातल्या बँकेचे कार्ड आणि इथला पत्ता अशी जोडी देतात आणि पैसे भरण्याच्या पायरीवर अडकतात. त्यांनी इथले कार्ड असलेल्या नातेवाइकाला आधीच सांगून ठेवावे. संघाच्या ई-मेल यादीत नाव घालायला दोन मिनिटे लागतात आणि पूर्वविक्रीचा, म्हणजे सर्वांसाठीच्या विक्रीआधी होणाऱ्या विक्रीचा संकेतशब्द अनेकदा त्याच वाटेने येतो, तरीही लोक ते करत नाहीत, हे मला आजवर समजलेले नाही.

शोधयंत्रात संघाचे नाव टाकून वर येणाऱ्या पहिल्या जाहिरातीवर जाणे हा आणखी एक महागडा आळस आहे. ते पान अधिकृत वाटले तरी बहुधा पुनर्विक्रेत्याचे असते, आणि काही विक्रेते तर स्वतःच्या हाती अजून न आलेली तिकिटेही मांडून बसलेले असतात. मेजर लीग बेसबॉल या लीगच्या संकेतस्थळावरून संघाच्या पानावर जावे. १२ मे २०२५ पासून अमेरिकेत शुल्कासह पूर्ण किंमत सुरुवातीलाच दाखवण्याचा नियम लागू झाला आहे, त्यामुळे दोन ठिकाणच्या किमतींची तुलना करणे आता पूर्वीपेक्षा सोपे आहे. ती करूनच पैसे भरावेत. पहिल्या सकाळी काही मिळाले नाही म्हणून त्याच दुपारी दुप्पट दराने पुनर्विक्रीचे तिकीट घेऊ नये. इतरांच्या टोपलीतून सुटलेल्या खुर्च्या संध्याकाळपर्यंत परत येत राहतात, आणि राखून ठेवलेल्या काही जागा पुढे सामन्याच्या तोंडावर खुल्या होतात.

पाहुण्यांसाठी तारीख निवडताना त्यांच्या मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यातली निवडू नये. पावसाने सामना पुढे ढकलला तर तिकीट नव्या तारखेला चालते, पण तोवर पाहुणे मुंबईच्या विमानात असतात.

भाऊ-वहिनींनी त्या जुलैमध्ये शनिवारऐवजी बुधवारी सामना पाहिला. आठवडाभर आधी मी चार आणि तीन अशा खुर्च्या घेतल्या, तिसऱ्या बेसच्या बाजूला, सावलीत. तिकिटे आता फोनवरच असतात आणि पुष्कळ मैदानांवर स्क्रीनशॉट चालत नाही. दारात गर्दी असताना नेटवर्कही दगा देते. म्हणून आदल्या रात्री जेवण झाल्यावर मी सर्वांची तिकिटे ज्याच्या त्याच्या फोनवर पाठवली आणि वहिनींना त्यांचे तिकीट दोनदा उघडून दाखवायला लावले.