टीव्ही गेमची कॅसेट ‘गेली’ म्हणण्याआधी

माळ्यावरून टीव्ही गेम उतरवला, कॅसेट खोचली आणि पडदा नुसता राखाडी. हात आपोआप कॅसेट तोंडाशी नेतो, पण फुंकर मारू नका. फुंकरीने गेम सुरू झाल्यासारखा वाटतो, ती करामत कॅसेट काढून पुन्हा बसवल्याची असते. यंत्राच्या खाचेतल्या पिना नव्या जागी टेकतात. तोंडातली वाफ मात्र कॅसेटच्या कडेवरच्या सोनेरी पट्ट्यांवर राहते, आणि गंज धरायला मुंबईची हवा तशीही तयारच असते.

पुढचं सगळं ६० पिनांच्या, म्हणजे कडेवर अशा ६० पट्ट्या असलेल्या कॅसेटबद्दल आहे, म्हणजे निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल करून बनलेली जी यंत्रं आपल्याकडे खपली त्यांच्याबद्दल.

आधी दुसरी कॅसेट लावून बघा. सगळ्याच बंद असतील तर दोष यंत्रात. आत ७८०५ रेग्युलेटर असतो, व्होल्टेज स्थिर ठेवणारा तीन पायांचा भाग. त्याच्या मधल्या आणि उजव्या पायात (छापलेली अक्षरं आपल्याकडे ठेवून) ५ व्होल्ट मिळायला हवेत. ४.७५ च्या खाली गेले की गेम मध्येच अडकतो आणि बिचाऱ्या कॅसेटवर आळ येतो.

एकच कॅसेट रुसली असेल तर ती साफ करा. यंत्र बंद करूनच कॅसेट काढा. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, मुंबईत लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतं. इअरबड ओला करून पट्ट्यांवर वरून खाली ओढा, आडवा घासू नका, कापूस दोन पट्ट्यांच्या मधे अडकतो. पहिला बड काळा निघेल. बड पांढरा निघेपर्यंत दोन्ही बाजू पुसा आणि दहा मिनिटं वाळू द्या. डाग हटत नसेल तर पेन्सिलचा मऊ खोडरबर चालतो. पॉलिश पेपर अजिबात नको: सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की दोन घाशांत खालचं तांबं उघडं पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात हिरवं होतं. हिरवट गंज आधीच चढला असेल तर पांढऱ्या व्हिनेगरचा बड फिरवा, लगेच अल्कोहोलने पुसा. यंत्राची खाच विसरू नका. जुन्या एटीएम कार्डाला पातळ सुती कापड गुंडाळून, अल्कोहोलने किंचित ओलं करून चार-पाच वेळा आत-बाहेर करा.

एवढ्यानेही जमलं नाही तर पडद्याकडे नीट बघा, तोच दोष सांगतो. कॅसेटमध्ये सहसा दोन मेमरी असतात, एकीत गेमची आज्ञावली, दुसरीत चित्रं. पडदा एकरंगी आणि आवाज नाही, म्हणजे आज्ञावलीच वाचली जात नाही. संगीत नीट वाजतंय, बटणं चालताहेत, पण चित्रांचा काला झालाय, तर दोष चित्रांच्या बाजूला. चित्रं ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटींची असतात, म्हणून दर ८ ठिपक्यांनी एक उभी रेघ उमटत असेल तर चित्रांचा डेटा नेणाऱ्या आठ पिनांपैकी एकच टेकत नाही, असं समजा. या आठ पिना कडेच्या एकाच टोकाला, दोन्ही बाजूंना मिळून असतात. तिथे परत बड फिरवा.

चित्र झकास पण आवाज नाही, हा प्रकार लोकांना सगळ्यात जास्त चकवतो. मूळ फॅमिकॉममध्ये आवाज कॅसेटमधून फिरून परत यंत्रात येतो. पट्ट्यांचे क्रमांक एका बाजूला १ ते ३०, दुसऱ्या बाजूला ३१ ते ६०. या दुसऱ्या बाजूच्या बरोबर मधल्या दोन, ४५ आणि ४६, बोर्डवर एकमेकींना जोडलेल्या असतात. त्या जोडावर मल्टिमीटरची बीप (जोड असेल तर वाजणारी) आली नाही तर बारीक तारेने दोन्ही जोडा.

बीप इतरत्रही कामाला येते. ३० आणि ३१ मध्ये वाजली पाहिजे, दोन्ही ५ व्होल्टच्या. १ आणि १६ मध्येही, दोन्ही ग्राउंड. १ आणि ३० मध्ये मात्र वाजता कामा नये. वाजली तर शॉर्ट आहे, ती कॅसेट यंत्रात घालू नका.

कॅसेटचा खोका उघडायला बहुतेकदा स्क्रू नसतो, कडेच्या फटीत प्लॅस्टिकचं कार्ड सरकवलं की खटके सुटतात. आत चिपऐवजी काळा थेंब दिसेल. स्वस्त कॅसेटमध्ये हा थेंब छोट्या बोर्डावर असतो आणि ते बोर्ड मोठ्या बोर्डाला कडेने सोल्डरचे डाग देऊन जोडलेलं असतं. कॅसेट पडली की पहिला तडा तिथेच जातो. टॉर्च तिरपा धरला तर डागाभोवती केसाएवढं काळं कडं दिसतं. थोडा फ्लक्स (सोल्डर नीट धरायला लावतात तो चिकट पदार्थ) लावून २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने तो डाग पुन्हा वितळवा, एका जागी दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका, नाहीतर पट्टीच उखडून हातात येईल.

डाग सगळे धड, पट्ट्या स्वच्छ, बीप जिथे हवी तिथे, आणि तरी पडदा राखाडीच? मग थेंबाखालची चिपच मेली. ती बदलता येत नाही. खोका आणि खटके तेवढे ठेवून द्या, दुसऱ्या एखाद्या फुटक्या कॅसेटला लागतील.